खडू पुसायच्या आत

आकाशात खोट्या दीर्घिका घालायचा मला चार वर्षं पगार मिळाला. चोरून नाही, रीतसर, बँकेत, भविष्यनिर्वाह निधी कापून. इचलकरंजीत ज्या माणसाला कुणी साधा पाना उसना देत नव्हतं, कारण परत करताना तो पाना बर्फात गोठवून देईल ही खात्री, त्याला केंद्रानं मुलाखत घेऊन या खुर्चीवर बसवलं. मुलाखतीत सौंदत्तीकर मॅडमनी एकच विचारलं, चेहरा न बदलता खोटं बोलता येतं का. मी म्हटलं, मॅडम, ते मला जन्मात कधी जमलं नाही. त्यांनी माझ्याकडं दोन सेकंद बघितलं आणि नेमणुकीच्या कागदावर सही केली.

माझं नाव हणमंत दत्तवाडे. कागदोपत्री 'नमुना साहाय्यक'. केंद्रातल्या बायका मला नकलीवाला म्हणायच्या.

आता हे केंद्र म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं थाप वाटेल.

'काजवा' ही आपली अवरक्त दुर्बीण. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, उन्हाकडं पाठ करून, छत्री धरून बसलेली. अवरक्त म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा उजेड. डोळ्याला दिसत नाही, पण तापलेल्या तव्याजवळ हात नेला की कातडीला कळतो. म्हणून तर काजव्याला उणे दोनशे तीस अंशांवर गार ठेवायला लागतं. दुर्बीण जरा कोमट झाली की स्वतःच्याच उबेनं आंधळी. एवढा खटाटोप कशाला, तर लांबच्या दीर्घिका दुसऱ्या कुठल्या उजेडात धड दिसतच नाहीत. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची आख्खी वस्ती. तिथून उजेड निघताना निळा-पांढरा असतो. पण तो वाटेत असताना विश्व ताणलं जातं. चौकड्याचं कापड दोन्हीकडून ओढलं की चौकडा रुंद होतो, तशी उजेडाची लाट रुंद होत जाते. निळ्याचा तांबडा, तांबड्याचा अवरक्त. जेवढं लांबचं तेवढं जास्त ओढलेलं.

या दीर्घिका एकट्या राहत नाहीत. एकमेकींच्या ओढीनं शेकड्यांनी जमतात. त्या जमावाला आम्ही घड म्हणायचो, द्राक्षाचा असतो तसा. असले घड शोधायचे हे आमचं काम. आणि ते दिसतं तेवढं सोपं नाही, कारण फोटोला खोली नसते. पुढची, मधली, मागची दीर्घिका सगळ्या एकाच कागदावर चिकटलेल्या. दाटी दिसली म्हणजे घड असेलच असं नाही. खरी ओळख रंगावरून. एका घडातल्या दीर्घिका सारख्याच अंतरावर, म्हणजे त्यांचा उजेड सारखाच ओढलेला. काजवा दोन वेगवेगळ्या अवरक्त पट्ट्यांत फोटो काढतो, आणि त्या दोन्हींतल्या फरकावरून प्रत्येक ठिपक्याला एक लाल छटा मिळते. ज्या दाटीतले ठिपके एकाच छटेचे, तो घड.

मॅडमनी हे सगळं पहिल्या दिवशी माझ्या मोठ्या बहिणीला, मालनअक्काला, अर्धा तास समजावलं. अक्का ऐकून घेऊन म्हणाली, म्हणजे एका लॉटचं सूत ओळखायचं की.

कारण अक्का मेंडिंगवाली. तीस वर्षं. मागावरून उतरलेलं कापड काचेच्या टेबलावरून ओढत न्यायचं, खालून दिवा, आणि तुटलेला धागा, गाठ, दुसऱ्या लॉटच्या रंगाचं सूत दिसलं की तिथं खडू मारायचा. खडू चुकून मारला असेल तर पुसायचा, पण पुसणारीनं चिठ्ठीवर सही करायची, म्हणजे नंतर भांडण नको. पुढं हे काम कॅमेरे करायला लागले आणि गावातल्या बायका घरी बसल्या. मॅडमचं डोकं असं चाललं की आकाश बघायला पदवी लागत नाही, एकसारख्या हजार गोष्टींत वेगळी एक दिसायची सवय लागते. त्यांनी हातकणंगले रोडला एका बंद गिरणीचं मेंडिंग खातं घेतलं, टेबलांवर काचेऐवजी पडदे बसवले आणि अकरा बायका कामावर घेतल्या. पडद्यावर घड दिसला की बटण दाबायचं. पण बायका त्याला बटण म्हणेनात. खडू मारला, खडू पुसला, हेच चालू राहिलं. पुसायची चिठ्ठीसुद्धा तशीच. मॅडमनी शेवटी नियमांच्या कागदातही तेच शब्द घातले.

माझं काम या बायकांना फसवायचं. आणि शेजारच्या खोलीत घड शोधणारं यंत्र होतं, त्यालाही. मी फोटोत, म्हणजे प्लेटमध्ये, दाटी बनवायचो. पुढची दीर्घिका, मागची दीर्घिका, वेगवेगळ्या लॉटच्या, पण अशा चिकटून ठेवलेल्या की घाईत बघणाऱ्याला घड वाटावा. त्यावर जो खडू मारेल त्याची चूक. नकली किती पकडले जातात यावरून खऱ्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरतं, सगळ्या मोठ्या प्रयोगांत असलं काहीतरी करतात. कुठली प्लेट नकली ते मला एकट्याला माहीत. त्यांचे नंबर कागदावर लिहून, लाखेनं बंद करून, लखोटा मॅडमच्या कपाटात. तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर फोडायचा.

त्या आधी मी कुणाला एक शब्द, एक डोळा, एक खोकला जरी दिला, तरी आख्खी फेरी रद्द. आणि फेरी रद्द झाली तर मेंडिंग खातं बंद, हे वरच्या समितीनं लिहूनच ठेवलं होतं. त्यांना यंत्र पुरेसं वाटत होतं. बायकांना वर्षाला तीन चुका माफ. चौथी झाली की टेबलं विकायची.

दोन हजार एक्केचाळीस साली पहिल्या तीन लखोट्यांत तिन्ही चुका झाल्या. चौथा लखोटा नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, सकाळी अकराला फुटणार होता.

गुरुवारी दुपारी अक्कानं मला सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बोलावलं. हातात डबा. मला वाटलं, भाकरी उरली असेल. तिनं मला कट्ट्यावर बसवलं, जेवलास का विचारलं, आणि मग आवाज खाली नेऊन म्हणाली, "चव्वेचाळीसशे सतरा नंबरची प्लेट बघितली. लई छान केलास रं."

मी चेहरा दगडाचा केला. नकलीवाल्याचा तो पहिला धर्म. म्हटलं, कसली सतरा, कुठली सतरा.

ती हसली. म्हणाली, माझ्यासमोर नको. आणि मग तिनं जे सांगितलं त्यानं माझा दगडाचा चेहरा आतून तडकला. गेली दोन वर्षं तिला माझे नकली घड ओळखू येत होते. रंग चुकीचे असतात ते तर दिसतंच, पण मी गंमत म्हणून ठिपके कशाच्या तरी आकारात मांडतो, हेही तिला कळलं होतं. किटली तिनं बघितली होती. मॅडमची स्कूटर बघितली होती, आरशासकट. कुणाला बोलली नव्हती. भाऊ कामावरून जाईल म्हणून.

"पण ही बघितली आणि मला बसायलाच लागलं," ती म्हणाली. "खाली सहा मोती, मधे तीन, आणि वरचा एक पडलेला. पडलेला सुद्धा सोडला नाहीस. आईची बुगडी."

आता बुगडीचं सांगायला पाहिजे. कानाच्या वरच्या पाळीत घालायचा मोत्यांचा तो लहानसा दागिना. अक्काच्या लग्नाला चार दिवस असताना, मी बारा वर्षांचा, गंमत म्हणून आईच्या जोडीतली एक बुगडी उचलली आणि माग चालायचे त्या शेडात सुताच्या कांड्यांच्या पेटीत लपवली. संध्याकाळी सगळे रडकुंडीला आले की काढून दाखवायची, असा बेत. संध्याकाळच्या आत ती पेटी कुठल्या तरी दुसऱ्या शेडात गेली आणि बुगडी सुताच्या कचऱ्यात कायमची. निष्काळजी म्हणून ओरडा बसला अक्काला. लग्नाच्या प्रत्येक फोटोत ती मान एका बाजूला वळवून बसली आहे. मी कधी कबूल केलं नाही. मला वाटायचं कुणाला माहीत नाही.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," अक्का म्हणाली. "शेडातून येताना तुझं तोंड बघितलं होतं. म्हटलं, एक ना एक दिवस येऊन सांगेल. तू काय आला नाहीस. आणि आता बघ, सांगितलंस तर कुठं, आभाळात." तिनं पदरानं नाक पुसलं. "आणि माझ्यासाठी नियमसुद्धा मोडलास. या खेपेला सगळे मोती एकाच लॉटचे घातलेस. म्हणून तर मी फसले, सोमवारी खडू मारून बसले. काल निवांत बघितली तेव्हा आकार दिसला. काळजी करू नको. शनिवारी अकराच्या आत चिठ्ठी टाकून खडू पुसते. चौथी चूक झाली तर बाकीच्या दहा जणींचं काय, आणि तुझं पण बिंग नको फुटायला."

माझ्या पाठीवर थाप मारून ती गेली. मी कट्ट्यावरच. कारण माझी यादी मला तोंडपाठ होती. चव्वेचाळीसशे नऊ माझी. चव्वेचाळीसशे तेवीस माझी. मधली एकही माझी नव्हती.

खोलीत जाऊन, दाराला कडी घालून प्लेट उघडली. पहिल्यांदा बुगडीच दिसली, ते खोटं कशाला बोलू. खाली सहा, मधे तीन, वर रिकामी जागा. मग रंग बघितला. दहाच्या दहा, चुकलो, नऊच्या नऊ ठिपके एकाच छटेचे, आणि ती छटा इतकी गडद की माझ्या डब्यात तसला रंगच नव्हता. ज्यांच्या उजेडाला पोचायला हजार कोटी वर्षांहून जास्त लागली असले ठिपके वापरायची मला परवानगीच नव्हती. आणि हे ठिपके त्याच्याही पुष्कळ पलीकडचे. यंत्राच्या नोंदी काढल्या. यंत्रानं ही प्लेट शंभरात चार गुण देऊन फेकून दिली होती. का, तेही लगेच कळलं. यंत्राला शिकवलं होतं संगणकात बनवलेल्या घडांवर, आणि ते सगळे गोल गरगरीत, मधे एक मोठी थोरली दीर्घिका बसलेली. विश्व लहान असतानाचा घड तसा कशाला असेल? नुकतं कुठं जमायला लागलंय, दोन टोळकी एकमेकांकडं निघालीत, मधे कुणी थोरलं अजून झालेलंच नाही. लग्नघरी पंधरा दिवस आधी गेलात तर मांडव उभा दिसतो का?

माझ्या बहिणीला विश्वातला जवळजवळ सगळ्यात जुना घड सापडला होता, आणि माझ्यावरच्या मायेपोटी ती तो पुसणार होती. पुसलेली प्लेट परत कुणी उघडत नाही. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीकडं वर्षाला आमच्या पाचच प्लेट तपासायला जातात, त्या न पुसलेल्यांतून.

बोलू तर शकत नव्हतो. "पुसू नको" एवढंसुद्धा म्हटलं की फेरी रद्द, अकरा जणी घरी. गप्प बसलो तर शनिवारी घड गेला. आणि तिला कळलं असतं ते कसं? लखोटा फुटल्यावर, यादीत सतरा नाही हे ऐकून, स्वतःच्या हातानं पुसल्यानंतर.

राजीनामा द्यावा म्हटलं, तर त्याला महिनाभराची सूचना. मग मी नियमांचा कागद काढून बसलो. गेल्या चार वर्षांत तो मी एकदाच वाचला होता, तोही कुठं कुठं पळवाट आहे ते बघायला. नवव्या कलमात मिळालं. नकलीवाल्यानं ठरलेल्या आराखड्याबाहेर काही केल्याचं उघड झालं, तर त्याला त्याच दिवशी दूर करावं, आणि लखोटा त्याच दिवशी फोडावा. खडू त्या घडीला जसे असतील तसे धरावेत.

आराखड्यात लिहिलं होतं, ठिपके वेडेवाकडे, कसलाही आकार न ठेवता टाकावेत.

शुक्रवारी दहाला मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, मॅडम, मला कामावरून काढा. मी चार वर्षं नकली घडांत चित्रं काढतोय.

मॅडमनी वर न बघताच हसून हात हलवला. म्हणाल्या, आज एक एप्रिल नाही हो. मी म्हटलं, खरंच सांगतोय. त्या म्हणाल्या, मागच्या वर्षी तुम्ही खरंच सांगतोय म्हणून मला काजवा बंद पडल्याचं सांगितलं होतं, मी जिन्यावरून धावत आले होते. मी आईची शपथ घेतली. त्या म्हणाल्या, तीही तेव्हा घेतली होती. चार वर्षांत एवढं कमावून ठेवलं होतं की नोकरी घालवायला पुरावा द्यायची पाळी आली.

मी त्यांच्या पडद्यावर जुन्या फेऱ्यांच्या प्लेट लावल्या, ज्यांचे लखोटे फुटून गेले होते त्या. किटली. त्या म्हणाल्या, योगायोग. स्कूटर. त्या जरा पुढं झुकल्या, आरसा बघितला. मग मी तिसरी लावली. मॅडम केसांचा अंबाडा घालतात आणि त्यात पेन्सिल खोचतात. तो अंबाडा, ती पेन्सिल. मॅडमचा हात आपोआप डोक्याकडं गेला.

मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हणमंतराव," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं बोलायला ठेवलं होतं. मला फसवायला नव्हतं."

मी मान खाली घातली. नाटक नव्हतं. त्यांनी विचारलं, आजच का सांगताय, उद्या लखोटा फुटणारच होता. मी म्हटलं, ते सांगता येत नाही. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा घातला. हुशार बाई. दुसऱ्यांदा विचारलं नाही. कागद ओढला आणि मला दूर केल्याचा आदेश स्वतःच्या हातानं लिहिला.

बारा वाजता मेंडिंग खात्यात सगळ्यांना उभं केलं. मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं की नकलीवाल्याला काढलंय, नवव्या कलमानं लखोटा आत्ताच फुटतोय, ज्यांत चित्रं निघाली ते नकली घड बायका आणि यंत्र, दोन्हींच्या हिशेबातून वगळले जातील. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. अक्का तर अशी बघत होती की जणू मी तिच्या पायाशी पडलोय आणि तिला खाली वाकता येत नाही. तिला वाटलं, बुगडीमुळंच माझी नोकरी गेली.

लाख फुटली. मॅडम नंबर वाचायला लागल्या, सावकाश, एकोणचाळीस होते. मी कधी नव्हे ते घामाघूम. चव्वेचाळीसशे नऊ, त्या म्हणाल्या. अक्कानं डोळे मिटले. चव्वेचाळीसशे तेवीस.

अक्काचे डोळे उघडले. तिनं मॅडमकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओठ हलले, नंबर मोजत असावी. मॅडमनी यादी संपवली, घडी केली आणि म्हणाल्या, आता खडू आणि चिठ्ठ्या जुळवते, अर्धा तास लागेल.

अक्का माझ्या दंडाला धरून मला गेटाबाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेली. दोन सांगितले. बाकावर बसलो. रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या, ती त्यांच्याकडंच बघत होती.

"म्हणजे ती बुगडी तू केली नव्हतीस," ती म्हणाली.

"नव्हती."

"मला वाटलं, माझ्या भावाला सुचलं अखेर."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी आयुष्यात हजार थापा मारल्या, एकदाही जीभ अडखळली नाही. आता चार सरळ शब्द बोलायचे तर कप दोनदा उचलून खाली ठेवला. तरी बोललो. बुगडी मीच घेतली, पेटीत मीच ठेवली, तुला ओरडा बसत होता तेव्हा मी माळ्यावर बसून ऐकत होतो आणि खाली उतरलो नाही. मग लग्न झालं, मग तुला मुलं झाली, मग आई गेली, आणि प्रत्येक वेळी वाटलं की आता सांगून काय उपयोग.

"चुकलो, अक्का," मी म्हटलं. "तेव्हाही, आणि नंतर रोज."

तिनं चहा संपवला. कप खाली ठेवला. आणि शांतपणे म्हणाली, "बरं. आता माझंही एक ऐक. मी सकाळी आल्या आल्या खडू पुसला. नऊ वाजता. चिठ्ठी टाकून आले खोक्यात."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. मी दहाला गेलो होतो मॅडमकडं. नऊला पाहिजे होतं. आंघोळीला पाणी तापलं नव्हतं म्हणून उशीर केला होता. तो उजेड कुठून कुठून निघालेला, पृथ्वी नव्हती तेव्हा निघालेला, एवढं सगळं विश्व ओलांडून काजव्यात पडला, काजव्यातून हातकणंगले रोडला आला, यंत्राच्या हातून सुटला, माझ्या बहिणीच्या डोळ्यात भरला, आणि एका बंबापायी गेला. मी उठलो. कप कुठं गेला माहीत नाही, पँटीवर चहा. मॅडमचे पाय धरायचे, खोकं पळवायचं, काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण पाय गेटाकडं निघाले होते आणि एक चप्पल टपरीपाशीच राहिली होती.

गेटाच्या बारपाशी पोचलो तोच मागून अक्काचा आवाज आला, अजिबात घाई नसलेला. "हणम्या. चप्पल."

ती माझी चप्पल हातात घेऊन येत होती. जवळ येऊन तिनं ती माझ्या पायाशी टाकली, पिशवी उघडली आणि चौघडी केलेला एक कागद माझ्या हातात दिला. पुसायची चिठ्ठी. नंबर घातलेला, खाली सहीची जागा कोरी.

"कालपासून तीनदा काढली बाहेर," ती म्हणाली. "सही करायला हात उठेना. भावानं माझ्यासाठी केलेली वस्तू, ती मी कशी पुसू? म्हटलं, उद्या बघू. अकरापर्यंत वेळ आहे."

मी चिठ्ठीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. सत्तावन्न वर्षांची माझी बहीण, जिनं जन्मात कुणाला मीठ कमी आहे म्हणून सुद्धा फसवलं नसेल.

"म्हणजे तू मला..."

"कसं वाटलं?"

"जीव गेला."

"किती वेळ?"

मी म्हटलं, दोन मिनिटं गेली असतील.

"मला चार दिवस शोधायला लावलं होतंस," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. गेटाचा बार धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, अकरा बायकांत जिला सगळ्या घाबरतात ती बाई भर रस्त्यात हसत होती. पहारेकरी उठून उभा राहिला. मीही हसायला लागलो, नाही लागलो तर रडलो असतो.

त्या घडाचं अंतर पुढं मार्चमध्ये पक्कं झालं, बाराशे कोटी वर्षं. मेंडिंग खातं अजून चालू आहे, यंत्राला आता अक्काच्या खडूवर शिकवतात, आणि मी स्टेशन रोडला पंप दुरुस्त करतो. पण त्या दुपारी यातलं काही माहीत नव्हतं. त्या दुपारी एवढंच झालं की आतून मॅडम धावत आल्या. अंबाडा सुटलेला, पेन्सिल कुठं पडली कुणास ठाऊक. मालनबाई, त्या म्हणाल्या, सतरावर खडू आहे, पुसलेला नाही, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बघितलंय, आत चला, आधी आत चला.

अक्कानं त्यांच्यासमोर हात धरला. माझ्याकडं बघत होती. माझी पँट चहानं भिजलेली, एक पाय चपलेत, एक बाहेर.

"एक मिनिट थांबा, मॅडम," ती म्हणाली. "याचं हे तोंड आधी नीट बघू दे. अडतीस वर्षांनी मिळालंय."